नोकरीतून सल्लागारीकडे वळणाऱ्या अनुभवी इंजिनिअरांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उत्पादन, मेंटेनन्स, क्वालिटी, प्रोजेक्ट किंवा बांधकाम यांत पंधरा-वीस वर्षं काढून आता स्वतंत्र काम करू पाहणाऱ्या इंजिनिअरांसाठी ही माहिती आहे. उदाहरणं चाकण, भोसरी, वाळूज, सातपूर, शिरोली, गोकुळ शिरगाव अशा एमआयडीसींतल्या लहान-मध्यम कारखान्यांची आहेत, कारण नव्या सल्लागाराला पहिलं काम बहुधा तिथेच मिळतं. आयटी क्षेत्राचा विचार इथे केलेला नाही.

सल्लागार म्हणून विकायचं तरी काय?

कारखान्याचा मालक तीन गोष्टींसाठी बाहेरच्या माणसाला पैसे देतो. पहिली म्हणजे सही: कायद्याला, बँकेला किंवा कस्टम्सला ठरावीक पात्रतेच्या माणसाचा दाखला लागतो. दुसरी सुधारणा: रिजेक्शन, वीजबिल, ब्रेकडाउन, सेटअपला जाणारा वेळ यांतलं काहीतरी मोजून कमी करून देणं. तिसरी गोष्ट भाड्याने घेतलेलं डोकं: पूर्णवेळ प्लँट हेड परवडत नाही म्हणून आठवड्यातून एक दिवस येणारा अनुभवी माणूस, किंवा नवी शेड उभी राहताना कंत्राटदारावर मालकाच्या बाजूने लक्ष ठेवणारा इंजिनिअर.

कार्डावर ‘२५ वर्षांचा अनुभव, सर्व प्रकारचे औद्योगिक सल्ले’ असं छापलं की यातलं काहीच कळत नाही. ‘ग्रे आयर्न फाउंड्रीतलं ब्लो-होल आणि सँड ड्रॉपचं रिजेक्शन’ (ओतकामात हवेच्या पोकळ्या राहून किंवा साच्याची वाळू पडून बाद होणारा माल) असं लिहिलं, तर ज्याला तो त्रास आहे तो फोन करतो. क्षेत्र इतकं अरुंद केल्यावर काम कमी मिळेल ही भीती सगळ्यांनाच वाटते. पण आत शिरल्यावर त्याच कारखान्यातली इतर कामंही मिळतात. दार मात्र एका ठळक कामानेच उघडतं.

कोणत्या अनुभवाला कोणता रस्ता जुळतो?

मेंटेनन्स आणि युटिलिटीवाल्यांना एनर्जी ऑडिट आणि मशिनरीचं मूल्यांकन. क्वालिटी आणि व्हेंडर डेव्हलपमेंटवाल्यांना आयएसओसारख्या सिस्टिम प्रमाणपत्रांची तयारी आणि लीन (वाया जाणारा वेळ आणि माल कमी करण्याची पद्धत). सिव्हिलवाल्यांना स्ट्रक्चरल ऑडिट, प्रोजेक्ट मॅनेजमेंट आणि बिलांची तपासणी. सेफ्टीवाल्यांना सेफ्टी ऑडिट. डिझाइनवाल्यांना फिक्श्चर, टूलिंग आणि बाहेरदेशीचं सीएडी-एफईएचं (संगणकावरची ड्रॉइंग्ज आणि ताणांचं विश्लेषण) काम. यांतल्या मुख्य वाटा पुढे एकेक करून पाहू.

एनर्जी ऑडिटर व्हायला काय लागतं?

ऊर्जा संवर्धन कायदा, २००१ खाली ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीची राष्ट्रीय परीक्षा असते. एनर्जी मॅनेजरसाठी पहिले तीन पेपर आणि ऑडिटरसाठी चारही: सर्वसाधारण ऊर्जा व्यवस्थापन, थर्मल युटिलिटी, इलेक्ट्रिकल युटिलिटी आणि उपकरणांची कार्यक्षमता तपासणं. पदवीधर इंजिनिअरला संबंधित कामाचा तीन वर्षांचा अनुभव लागतो, पदविकाधारकाला सहा. ही परीक्षा उत्तीर्ण झालं की ‘सर्टिफाइड’ होता येतं. मोठ्या ऊर्जा-ग्राहक उद्योगांचं सक्तीचं ऑडिट करायचं तर त्यापुढचं ‘अ‍ॅक्रेडिटेड’ होणं आवश्यक असतं. लहान कारखाने स्वेच्छेने करून घेतात त्या ऑडिटला प्रमाणपत्राची कायदेशीर सक्ती नाही, पण ते असलं की कोटेशन पुढे सरकतं.

पॉवर अ‍ॅनालायझर, फ्ल्यू गॅस अ‍ॅनालायझर, अल्ट्रासॉनिक फ्लो मीटर ही महागडी उपकरणं पहिल्या वर्षी विकत घेऊ नका, दिवसाच्या भाड्याने मिळतात. स्वतःचा क्लॅम्प मीटर, इन्फ्रारेड थर्मामीटर, लक्स मीटर आणि अ‍ॅनिमोमीटर पुरे. कॅलिब्रेशन प्रमाणपत्राची तारीख मात्र तपासा. ती उलटून गेली असेल तर कारखान्याचा इंजिनिअर अहवालातला पहिला आकडाच खोडून काढतो.

नव्या ऑडिटरने कॉम्प्रेस्ड एअरपासून सुरुवात करावी, कारण तिथे भांडवली खर्चाशिवाय बचत दिसते. ७ बार दाबावर ३ मिलिमीटरच्या एका भोकातून गळणारी हवा तयार करायला साधारण ३ किलोवॅट जातात. वर्षाला ६,००० तास आणि युनिटला ९ रुपये धरले तर १८,००० युनिट, म्हणजे १ लाख ६२ हजार रुपये. जेवणाच्या सुट्टीत सगळी मशिनं बंद असताना कॉम्प्रेसर किती मिनिटं लोड (हवा भरत) आणि किती मिनिटं अनलोड (नुसता फिरत) चालतो ते घड्याळ लावून मोजा. त्या अर्ध्या तासातल्या नोंदी मालकाला चाळीस पानी अहवालापेक्षा लवकर पटतात.

गडबड होते ती इथे: गळती बंद केली, पण कॉम्प्रेसर जुन्याच पद्धतीने अनलोडवर फिरत राहिला, तर बिलात अपेक्षेइतका फरक पडत नाही. अनलोडलाही तो बरीच वीज खातो. म्हणून गळती काढण्याबरोबरच प्रेशर सेटिंग आणि कोणता कॉम्प्रेसर कधी बंद ठेवायचा हेही त्याच अहवालात लिहा.

मशिनरीचं मूल्यांकन हे काम कसं मिळतं?

कंपनी कायदा, २०१३ च्या कलम २४७ नुसार होणारं मूल्यांकन नोंदणीकृत व्हॅल्युअरच करू शकतो. नोंदणी भारतीय नादारी व दिवाळखोरी मंडळाकडे (आयबीबीआय) होते आणि तीन मालमत्ता-वर्ग आहेत: जमीन व इमारत, प्लँट व मशिनरी, आणि सिक्युरिटीज. प्लँट व मशिनरीसाठी मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल वगैरे शाखेची पदवी आणि त्यानंतरचा पाच वर्षांचा अनुभव लागतो. पदव्युत्तर असेल तर तीन. आधी व्हॅल्युअर संघटनेचं सदस्यत्व घ्यायचं, ५० तासांचा अभ्यासक्रम करायचा, मग संगणकावरची परीक्षा. उत्तीर्ण व्हायला ६० टक्के लागतात आणि चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांचा पाव भाग कापला जातो. तांत्रिक प्रश्न अनुभवी माणसाला जड जात नाहीत. नापास होतात ते कायदा आणि हिशेबाच्या भागात, म्हणून अभ्यासाची सुरुवात तिथूनच करा.

बँकांची कामं मिळायला त्या-त्या बँकेच्या पॅनेलवर यावं लागतं आणि त्यात वेळ जातो. एक धोका आधीच ओळखून ठेवा: कर्ज वाढवून हवं असलेला मालक मशिनची किंमत वाढवून लिहायला सांगतो. खातं बुडालं की चौकशीत सही करणाऱ्याचं नाव पहिलं निघतं. मशिनची नेमप्लेट, अनुक्रमांक, चालू स्थितीतला फोटो आणि जागेवर गेल्याची तारीख यांशिवाय सही करू नका.

चार्टर्ड इंजिनिअर हे पद उपयोगी आहे का?

आहे, पण मर्यादित कामासाठी. इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स (इंडिया) ही कोलकात्याची १९२० सालची संस्था तिच्या कॉर्पोरेट सदस्यांना हे पद देते. ईपीसीजी परवान्याचं (निर्यातीसाठी सवलतीत मशिनरी आयात करण्याचा परवाना) नेक्सस सर्टिफिकेट, म्हणजे त्या मशिनचा निर्यातमालाशी संबंध असल्याचा दाखला, मशिन बसवल्याचा दाखला, जुन्या आयात मशिनरीची तपासणी अशी कामं त्यावर मिळतात. एकेका दाखल्याची फी लहान असते, म्हणून निर्यातदारांची कामं करणाऱ्या दोन-तीन सीए आणि कस्टम्स ब्रोकरांशी ओळख असेल तरच हे पद चालतं.

सिव्हिलच्या लोकांना स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये खरंच एवढं काम आहे?

हो. मुंबईत महापालिका कायद्याच्या कलम ३५३-ब प्रमाणे तीस वर्षांपेक्षा जुन्या इमारतींना ऑडिट बंधनकारक आहे. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं पाच वर्षांतून एकदा आणि त्यापेक्षा जुन्या इमारतीचं तीन वर्षांतून एकदा ऑडिट करायचं असतं. त्यासाठी संबंधित महापालिकेकडे स्ट्रक्चरल इंजिनिअर म्हणून नोंद हवी. साइटवर पंचवीस वर्षं काढली तरी डिझाइनचा अनुभव नसेल तर ही नोंद मिळणं अवघड जातं. मग नोंद असलेल्याबरोबर भागीदारीत पाहणी, चाचण्या, दुरुस्तीचं परिमाणपत्रक (कामांची आणि मापांची यादी) आणि बिलांची तपासणी घ्या. सोसायट्यांना या शेवटच्या दोन कामांसाठी भरवशाचा माणूस हवाच असतो.

चाचण्यांत ठरलेल्या चुका होतात. रिबाउंड हॅमर (काँक्रिटची ताकद अंदाजण्याचा हातोडा) प्लास्टरवर मारला जातो. प्लास्टर काढून, पृष्ठभाग घासूनच मारायचा. जुन्या काँक्रिटचा वरचा थर कार्बोनेशनने कडक झालेला असतो, म्हणून हॅमरचा आकडा खऱ्यापेक्षा जास्त येतो. कोअर (काँक्रिटचा दंडगोल नमुना) काढून ताडल्याशिवाय त्या आकड्यावर ताकद लिहू नका. हाफ-सेल चाचणीत (आतल्या सळईचा गंज अजमावणारी) उणे ३५० मिलिव्होल्टच्या पलीकडे वाचन गेलं तर गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून जास्त धरतात, पण कोरड्या काँक्रिटवर घेतलेलं वाचन फसवं निघतं. आधी पाणी मारून पृष्ठभाग ओला करावा लागतो.

सेफ्टीत काय वाव आहे?

राज्यात औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाची मान्यता असलेले सेफ्टी ऑडिटर आणि ‘सक्षम व्यक्ती’ यांना नियमित काम असतं. कारखाने अधिनियम, १९४८ च्या चौकटीत लिफ्ट-हॉइस्टची तपासणी सहा महिन्यांनी आणि क्रेन, चेन, स्लिंग यांची वर्षातून एकदा ठरलेली होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आहेत, तेव्हा जुन्या कलमांचे आकडे छापलेले नमुने वापरू नका. अर्जाचा चालू नमुना संचालनालयातूनच घ्या. दाखल्यावर सही करण्याआधी क्रेनखाली स्वतः उभं राहून लोड टेस्ट बघा. हुकाच्या घशाची झीज कॅलिपरने मोजा, डोळ्यांनी अंदाज करू नका.

क्वालिटीचा माणूस थेट आयएसओ कन्सल्टंट होऊ शकतो?

होऊ शकतो, पण नुसत्या आयएसओ ९००१ च्या फायली करून देणाऱ्यांची गर्दी आहे आणि फी त्यामुळे फार खाली आली आहे. वाहन उद्योगाच्या पुरवठादारांना आयएटीएफ १६९४९ या गुणवत्ता मानकासाठी एपीक्यूपी (गुणवत्तेचं आधीच नियोजन), पीपीएपी (पार्टची मंजुरी), एफएमईए (संभाव्य बिघाडांचा आधीच विचार), एमएसए (मोजमाप पद्धतीची तपासणी), एसपीसी (आकडेवारीने प्रक्रियेवर नियंत्रण) ही पाच साधनं प्रत्यक्ष वापरता येणारा माणूस हवा असतो. एफएमईएची २०१९ ची नवी पद्धत आरपीएन या धोक्याच्या गुणाकाराच्या आकड्याऐवजी अ‍ॅक्शन प्रायॉरिटीवर (कृतीच्या प्राधान्यक्रमावर) चालते. अजून जुने तक्ते घेऊन फिरणारा सल्लागार ग्राहकाच्या ऑडिटमध्ये उघडा पडतो.

एका नियमाची जाण ठेवा. प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचे ऑडिटर म्हणूनही काम करायचं असेल, तर ज्या कंपनीला तुम्ही सल्ला दिला तिचं ऑडिट पुढची दोन वर्षं तुम्ही करू शकत नाही.

लहान उद्योगांसाठी केंद्राची एमएसएमई कॉम्पिटिटिव्ह (लीन) योजना २०२३ पासून चालू आहे. बेसिक, इंटरमीडिएट आणि अ‍ॅडव्हान्स्ड अशा तीन पातळ्या आहेत आणि सल्लागाराच्या खर्चातला ९० टक्के वाटा सरकार उचलतं. पाच एस (कामाची जागा नीटनेटकी ठेवण्याची पद्धत), मशिनचं सेटिंग बदलण्याचा वेळ, रांगेत पडून राहणारा माल यांवर काम केलेल्यांना ही सुरुवात बरी पडते. सरकारी वाटा हाती यायला लागणारा वेळ मात्र रोख रकमेच्या हिशेबात धरा.

नोकरीत असतानाच सुरुवात करावी का?

परीक्षा, कोर्स, संस्थांचं सदस्यत्व हे सगळं नोकरीत असतानाच उरका. पैसे घेऊन बाहेरचं काम करू नका. नियुक्तिपत्रात बहुधा मनाई असते आणि नेमक्या राजीनाम्याच्या वेळी ते उकरून निघतं.

नियुक्तिपत्रात ‘दोन वर्षं याच क्षेत्रात काम करणार नाही’ अशी अट आहे. मग?

भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम २७ व्यवसायाला अटकाव करणारा करार रद्दबातल ठरवतं, त्यामुळे नोकरी सुटल्यानंतरची अशी बंदी सहसा टिकत नाही. गोपनीयतेची अट मात्र पूर्ण टिकते. जुन्या कंपनीची ड्रॉइंग्ज, प्रोसेस शीट्स, व्हेंडरचे दर, कॉस्टिंगच्या एक्सेल फायली यांतलं काहीही पेनड्राइव्हवर घेऊ नका, स्वतःच्या मेलवर पाठवू नका. ‘मीच तर बनवलं होतं’ हे कारण चालत नाही. डोक्यातलं ज्ञान तुमचं, फाइल कंपनीची.

नोकरी सोडण्याआधी किती पैसे बाजूला हवेत?

निदान बारा महिन्यांचा घरखर्च आणि चालू हप्ते. पहिलं काम मिळायला तीन-चार महिने जातात, ते पूर्ण व्हायला एक-दोन, आणि बिल वसूल व्हायला पुढचे दोन-तीन. पहिला मोठा चेक सातव्या-आठव्या महिन्यात आला तरी वेळापत्रक बिघडलं असं समजू नका.

कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम शेवटच्या दिवशी संपतो. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याचा अर्ज आधीच द्या, म्हणजे आधीच्या आजारांच्या प्रतीक्षा कालावधीतली झालेली वर्षं वाया जात नाहीत. पन्नाशीनंतर मधुमेह किंवा रक्तदाब असताना नवी पॉलिसी शोधत बसणं फार महागात पडतं. गृहकर्ज किंवा क्रेडिट कार्ड हवं असेल तर तेही पगाराची स्लिप असतानाच घ्या.

दिवसाचा दर कसा ठरवायचा?

आधीच्या पगाराला ३० ने भागून दर काढणं ही सगळ्यांत सर्रास होणारी चूक. हिशेब असा करा. ३६५ दिवसांतून शनिवार-रविवार १०४, सणवार १५ आणि आजारपण-सुट्टी १६ वजा केले की २३० उरतात. त्यांतले जवळजवळ अर्धे दिवस कामं शोधणं, कोटेशन, प्रवास, अहवाल आणि वसुलीत जातात. पैसे मिळणारे दिवस राहतात सुमारे १२०. सीटीसी (नोकरीतलं वर्षाचं एकूण वेतन) २४ लाख होती आणि प्रवास, सॉफ्टवेअर, विमा, सीए यांचा खर्च ४ लाख धरला, तर २८ लाख भागिले १२०, म्हणजे दिवसाला सुमारे २३,३०० रुपये.

चाळीस कामगारांच्या वर्कशॉपचा मालक हा दर देणार नाही. तिथे महिन्याचे चार दिवस ४०,००० रुपयांना, असा रिटेनर बसतो. असे तीन कारखाने मिळाले तर महिन्याला बारा दिवस भरतात आणि वर्षाची जमा १४ लाख ४० हजार होते. हा पाया धरून उरलेल्या दिवसांत मोठ्या कंपन्यांची पूर्ण दराची कामं करायची. सहा रिटेनर घेतले की मात्र चोवीस दिवस संपले. मोठं काम आलं तर द्यायला दिवसच उरत नाही.

‘बचतीतून टक्का घ्या’ असं मालक म्हणतो. घ्यावं का?

पहिल्या वर्षात नको. घ्यायचंच तर मूळ आकडा लेखी ठरल्याशिवाय कामाला हात लावू नका.

समजा, फाउंड्री महिन्याला ३०० टन ओतते आणि रिजेक्शन ८ टक्क्यांवरून ५ वर आलं. ९ टन माल वाचला. तुमच्या डोक्यात ९ टनांची विक्री किंमत असते, पण मालक म्हणतो, रिजेक्ट झालेलं लोखंड तर मी परत वितळवतोच. त्याचंही बरोबर आहे. खरी बचत म्हणजे वितळवण्याची वीज (इंडक्शन फर्नेसमध्ये टनाला साधारण ६०० युनिट, म्हणजे ५,४०० युनिट, ९ रुपयांनी ४८,६०० रुपये), शिवाय वाळू, कोअर (पोकळ भागासाठीचा वाळूचा गाभा), मजुरी, फेटलिंग (ओतीव मालाची साफसफाई) आणि दोष मशिनिंगनंतर सापडला असेल तर तो खर्च. हे सगळं आधी मांडून दोघांनी सही केली नसेल तर शेवटी वाद ठरलेला.

विजेच्या बाबतीत बिलाच्या रकमेवर टक्का ठरवू नका. उत्पादन वाढलं की बिल वाढतं आणि तुमची बचत दिसेनाशी होते. टनामागे किंवा नगामागे युनिट हे माप धरा, आधीच्या बारा महिन्यांची सरासरी घ्या, आणि निम्मी फी ठरावीक, निम्मी बचतीवर ठेवा. मुदत आणि वरची मर्यादाही लिहा.

पहिली भेट फुकट द्यावी का?

तासाभराची ओळख-भेट फुकट. पूर्ण दिवसाची पाहणी मात्र फी घेऊनच, काम मिळालं तर ती रक्कम पुढच्या बिलात वळती करू असं सांगून. फुकट पाहणीत सापडलेले पाच मुद्दे मालक स्वतःच्या सुपरवायझरकडून करून घेतो आणि फोन बंद होतो. दहा हजार मोजायला तयार नसलेला पुढे दोन लाखही मोजत नाही, हेही त्या दिवशीच कळतं.

करारात काय-काय हवं?

दोन-तीन पानं पुरतात. कामाची व्याप्ती, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे काय व्याप्तीत नाही. कारखान्याने काय पुरवायचं: आकडेवारी, एक जबाबदार माणूस, ट्रायलसाठी मशिनचा वेळ. हे शेवटचं लिहिलेलं नसलं की डिस्पॅचच्या दबावाखाली तुमची ट्रायल दर आठवड्याला पुढे ढकलली जाते आणि उशिराचं खापर तुमच्यावर फुटतं. फीचे हप्ते टप्प्यांना जोडा: ३० टक्के कामाच्या आदेशाबरोबर, ४० मधल्या अहवालाला, ३० शेवटी. ‘समाधानकारक पूर्ततेनंतर’ असे शब्द खोडा, कारण समाधान कधी झालं हे कुणालाच ठरवता येत नाही. नुकसानभरपाईची कमाल मर्यादा मिळालेल्या फीइतकी, दोन्ही बाजूंना ३० दिवसांची नोटीस, आणि वादासाठी तुमच्या जिल्ह्यातलं न्यायालय. महाराष्ट्रात असे करार आता ५०० रुपयांच्या मुद्रांकावर होतात. ऑक्टोबर २०२४ पासून शंभरचा चालत नाही.

डिझाइन किंवा स्ट्रक्चरच्या सह्या करणार असाल तर प्रोफेशनल इंडेम्निटी विमा (कामातल्या चुकीमुळे येणाऱ्या भरपाईचा) घ्या.

प्रोप्रायटरी, एलएलपी की कंपनी?

पहिली दोन वर्षं प्रोप्रायटरी, म्हणजे एकट्याच्या मालकीचा व्यवसाय. कारण सरळ आहे: खाली सांगितलेली अनुमानित कराची सोय एलएलपीला (मर्यादित दायित्वाची भागीदारी) आणि कंपनीला मिळत नाही. भागीदार असेल, किंवा मोठी कंपनी व्यक्तीला व्हेंडर कोड देत नसेल, तर एलएलपीचा विचार करा. तिथे ३० मे पर्यंत फॉर्म ११ आणि ३० ऑक्टोबरपर्यंत फॉर्म ८ भरावा लागतो, उत्पन्न शून्य असलं तरी.

जीएसटी नोंदणी कधी लागते?

वर्षाची एकूण उलाढाल २० लाखांच्या वर गेली की. सेवा परराज्यात दिली तरी हीच मर्यादा लागू आहे. दर १८ टक्के. मोठ्या कंपन्यांना जीएसटी क्रमांक असलेला व्हेंडर सोपा जातो, म्हणून काही जण आधीच नोंदणी घेतात. ग्राहक सगळे नोंदणीकृत असतील तर त्यात तोटा नाही, त्यांना भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट मिळतं. सोसायट्यांची कामं करणाऱ्यांनी मात्र घाई करू नये, तिथे १८ टक्के थेट महाग पडतात.

प्रवासखर्च बिलात लावला तर त्यावरही जीएसटी लागतो. त्यापेक्षा तिकिटं आणि हॉटेल कंपनीलाच थेट काढू द्या.

आयकराचं काय? कंपनी १० टक्के कापून घेते.

ते टीडीएस, शेवटच्या करात वळतं होतं. बिलात जीएसटी वेगळा दाखवला असेल तर टीडीएस मूळ फीवरच कापला जातो.

इंजिनिअरिंग हा आयकर कायद्यात नमूद केलेला व्यवसाय असल्याने ४४एडीए या कलमाची अनुमानित कराची सोय मिळते: जमा रकमेचं निम्मं उत्पन्न म्हणून दाखवायचं, हिशेबाच्या वह्या ठेवायची सक्ती नाही. मर्यादा ५० लाख. रोखीने आलेली रक्कम ५ टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाख. समजा, वर्षात २४ लाख जमा झाले. उत्पन्न धरलं जाईल १२ लाख, आणि दुसरं काहीच उत्पन्न नसेल तर २०२५-२६ च्या नव्या कररचनेत त्यावर कर शून्य. पण निवृत्तीनंतर बहुतेकांचं ठेवींवर व्याज असतंच, ते १२ लाखांच्या वर जातं, हे विसरू नका. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा, २०२५ लागू असल्याने कलमांचे क्रमांक बदलले आहेत. जुने आकडे फक्त ओळखीसाठी दिले आहेत.

आगाऊ कर या पद्धतीत एकाच हप्त्यात, १५ मार्चपर्यंत भरायचा. साठी उलटलेल्यांना आगाऊ करातून सूट असते ती व्यवसायाचं उत्पन्न नसेल तरच. सल्लागारी करणाऱ्या ज्येष्ठांना ती मिळत नाही आणि दरवर्षी अनेक जण इथे व्याज भरतात.

शिवाय राज्याचा व्यवसाय कर वर्षाला २,५०० रुपये, ३० जूनपर्यंत. वयाची ६५ वर्षं पूर्ण केलेल्यांना तो माफ आहे.

बिलाचे पैसे अडकले तर?

याची तयारी पहिल्या बिलाच्या आधी करायची असते. उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) करा. आधारवर होते, फुकट आहे, इंजिनिअरिंग सल्ला सेवांचा एनआयसी (उद्योग-वर्गीकरण) गट ७१ निवडा. उद्यम क्रमांक प्रत्येक कोटेशन आणि बिलावर छापा. काम झाल्यावर काढलेली नोंदणी त्या आधीच्या बिलांना उपयोगी पडत नाही.

एमएसएमईडी कायदा, २००६ प्रमाणे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यायला हवेत. ‘पेमेंट ९० दिवस’ अशी अट करारात असली तरी ४५ च्या वर ती चालत नाही. उशिराला रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ होणारं व्याज आहे. पण कंपन्यांच्या अकाउंट्स विभागाला जास्त लागतं ते आयकरातलं ४३बी(एच): सूक्ष्म-लघु उद्योगाचं बिल मुदतीत चुकवलं नाही तर त्या वर्षी तो खर्च वजावटीला धरता येत नाही. म्हणून फेब्रुवारीच्या शेवटी थकीत बिलांची यादी आणि उद्यम प्रमाणपत्र जोडून एक नम्र मेल पाठवा. मार्चमध्ये बरीच बिलं त्यावरच सुटतात.

तरी नाही मिळाले, तर एमएसएमई मंत्रालयाच्या ऑनलाइन पोर्टलवरून सुविधा परिषदेकडे तक्रार जाते. परिषदेच्या आदेशाविरुद्ध खरेदीदाराला कोर्टात जायचं तर ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते. हा मार्ग पकडला की तो ग्राहक तुटतो, तेव्हा ज्याच्याकडे परत जायचं नाही त्याच्याच बाबतीत वापरा.

जुनी कंपनीच ‘कन्सल्टंट म्हणून ये’ म्हणते. घ्यावं?

पहिल्या वर्षासाठी चांगला आधार, पण आठवड्यातले तीन दिवस, जास्त नाही. पाच दिवस तिथेच, हजेरी तिथलीच, बॉस तोच आणि ग्राहक एकच, असं असेल तर ती पीएफ आणि रजा काढून घेतलेली नोकरी झाली. आयकर खातंही तिला पगार म्हणू शकतं, आणि मग निम्म्या उत्पन्नाची सोय जाते.

सरकारी खात्यातून निवृत्त झालेल्यांना वेगळे नियम आहेत का?

आहेत. केंद्राच्या गट ‘अ’ अधिकाऱ्यांना निवृत्तीनंतर एक वर्ष खासगी व्यावसायिक काम घ्यायला परवानगी लागते. राज्य सेवेतल्यांनी आपल्या खात्याच्या निवृत्तिवेतन नियमांतली अट आधी वाचावी. टेंडर तयार करणं, बिलांची आणि क्लेमची तपासणी, त्रयस्थ तपासणी यांत या मंडळींना मोठी मागणी आहे. लवाद म्हणून काम करायचं असेल तर १९९६ च्या लवाद कायद्याची सातवी अनुसूची बघा: ज्या पक्षाशी तुमचं पूर्वीचं किंवा आजचं व्यावसायिक नातं आहे त्याच्या वादात तुम्हाला लवाद म्हणून बसता येत नाही.

परदेशातल्या ग्राहकांचं काम?

डिझाइन, एफईए, ड्रॉइंग तपासणी ही कामं इथे बसून होतात. जीएसटी नोंदणी असेल तर एलयूटी (निर्यातीचं हमीपत्र) भरून कराविना बिल करता येतं, पैसे परकीय चलनात यायला हवेत आणि बँकेचा आवक दाखला जपून ठेवायचा. अमेरिकेत स्थानिक परवानाधारक इंजिनिअरच ड्रॉइंगवर शिक्का मारू शकतो, तेव्हा करारात तुमचं काम ‘साहाय्यक’ असल्याचं स्पष्ट लिहा.

पहिलं काम कुठून येतं?

जुन्या व्हेंडरांकडून. ज्यांच्या पार्टची तुम्ही वर्षानुवर्षं तपासणी केली, त्यांना तुमची कुवत माहीत असते. नंतर येतात मशिन आणि टूलिंगचे सेल्स इंजिनिअर, रोज चार कारखाने फिरणारे आणि कुठे काय अडलंय ते सगळं जाणणारे. त्यांच्याशी संबंध राखा, पण त्यांच्या मशिनवर कमिशन घेऊ नका. ते कळल्याशिवाय राहत नाही, आणि मग तुमच्या कुठल्याच शिफारशीला किंमत उरत नाही.

काम सुरू झाल्यावर सगळ्यांत जास्त कुठे बिघडतं?

शॉप फ्लोअरवर. मालकाला पटलेलं असतं, पण लाइन इन्चार्जला वाटतं की हा माणूस आपल्या चुका काढायला आलाय. पहिले दोन दिवस नुसतं बघा आणि ऑपरेटरशी बोला, रात्रपाळीला एकदा तरी जा. सूचना लिहाल त्या मराठीत किंवा हिंदीत, मशिनशेजारी लावता येतील अशा एका पानावर, फोटोसकट. सुधारणेची कल्पना ऑपरेटरची असेल तर अहवालात त्याचं नाव घाला. तुम्ही गेल्यावर ती सेटिंग टिकणार की नाही, हे त्या माणसावर अवलंबून असतं.

नोकरीत तुमच्या हाताखाली माणसं होती, इथे एकही नाही. ‘करून घ्या’ असं सांगून निघालात तर पुढच्या भेटीत काहीच झालेलं नसतं. प्रत्येक भेटीच्या शेवटी तीनच कामं, त्यांची तारीख आणि नाव लिहून मालकाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाका. पुढच्या भेटीची सुरुवात त्याच तीन ओळींनी करा.

हे आपल्याला जमत नाही हे कधी ओळखायचं?

अठरा महिने द्या. तोवर निदान दोन ग्राहकांनी दुसऱ्यांदा काम दिलेलं असावं आणि निदान एक काम कुणीतरी नाव सुचवल्यामुळे आलेलं असावं. कामं मिळतात पण परत कुणी बोलावत नाही, तर अडचण कामाच्या पद्धतीत किंवा अहवालात आहे. जुन्या ग्राहकाला थेट विचारा, बहुतेक जण खरं सांगतात. परत बोलावतात पण नवीन कुणी येत नाही, तर महिन्यातले सहा दिवस फक्त भेटीगाठींना राखून ठेवा. दोन्ही होत नसेल आणि बाजूला ठेवलेले पैसे तीन महिन्यांवर आले असतील, तर नोकरीचे अर्ज तेव्हाच टाका. मधल्या काळात केलेली कामं बायोडेटात ‘प्रोजेक्ट’ म्हणून आकड्यांसकट लिहिता येतात आणि मुलाखतीत त्यांचा उपयोग होतो.